म्हाळू रेड्याची तीन दिवसांची रजा

एका जंगलात, बाळांनो, सगळा कारभार इंग्रजीत चालत असे. का, ते विचारू नका. सिंहमहाराजांनी विचारलं नव्हतं, कारण त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

त्यांच्या गुहेच्या दारावर म्हाळू नावाचा रानरेडा पहारा करी. त्याची बायको गोजरी पोटुशी होती. सुईण म्हणाली, "तीन दिवसांत केव्हाही."

म्हाळूनं पळसाच्या पानावर तीन दिवसांच्या रजेचा अर्ज खरडला आणि हेडक्लार्क धनेशरावांपुढे ठेवला. धनेशरावांनी लांबलचक चोच पानावरून फिरवली.

"ॲपॉस्ट्रॉफी चुकलीय."

"कोण चुकलीय?"

"हे वर लटकलेलं चिन्ह. स्वल्पविरामासारखं दिसतं ना, ते. रजा कोणाची?"

"माझी, साहेब."

"चूक. रजा दिवसांची. मराठीत 'तीन दिवसांची' म्हणतोस, तसंच इंग्रजीत. दिवस मालक, रजा त्यांची."

"मग मी कोण?"

"तू अर्जदार. एक दिवस असेल तर चिन्ह 'डेज'मधल्या एसच्या आधी. जास्त असतील तर एसच्या नंतर. तू आधी टाकलंस. जा, शिकून ये."

पहारा संपल्यावर म्हाळू साळूबाईंच्या शिकवणीला गेला. साळूबाई म्हणजे साळिंदर. त्यांनी अंगावरचा एक काटा उपटून चिखलात कधी एसच्या आधी, कधी एसच्या नंतर रोवून दाखवला. म्हाळूनं शंभरदा गिरवलं.

दुसऱ्या दिवशी चिन्ह अगदी जागेवर होतं.

"शाब्बास!" धनेशराव म्हणाले. "पण तीनपैकी एक दिवस काल गेला. आता दोन लिही."

"आत्ता लिहितो, साहेब."

"आता जेवणाची सुट्टी. मग वामकुक्षी. उद्या ये."

तिसऱ्या दिवशी म्हाळू 'दोन' लिहून आला.

"आता एकच उरला रे," धनेशराव हळहळले.

म्हाळूनं तिथल्या तिथे दोनाचा एक केला. धनेशरावांनी डोळे मिटले.

"एका दिवसाला चिन्ह एसच्या आधी! काय शिकवतात हल्ली!"

तेवढ्यात एक साळुंकी धापा टाकत आली. "म्हाळूदादा, पारडू झालं! वहिनी तुमची वाट बघतायत."

"अभिनंदन!" धनेशराव मनापासून म्हणाले. "म्हणजे आता रजेची गरजच उरली नाही."

म्हाळूनं पान तोंडात घातलं, चिन्हासकट चावून गिळलं आणि घराकडे धूम ठोकली.

दार उघडं पडलं. अर्ज चुकीचा आणि वर पहारेकरी पळाला, अशी तक्रार धनेशरावांनी महाराजांकडे नेली.

"नेमकं चुकलं काय त्याचं?" महाराजांनी विचारलं. "आधी चुकीचं वाच, मग बरोबर वाच."

"थ्री डेज लीव्ह," धनेशरावांनी फायलीतला पहिला अर्ज वाचला. "आणि आता बरोबर. थ्री डेज लीव्ह."

महाराजांनी पंजानं कान खाजवला.

"पुन्हा."

"थ्री डेज लीव्ह. थ्री डेज लीव्ह."

"मला काहीच फरक ऐकू आला नाही."

आता आपली मान जाणार, असं धनेशरावांना वाटलं.

"जे राजालाही ऐकू येत नाही," महाराज गंभीरपणे म्हणाले, "ते या पक्ष्याला दिसतं! याला प्रधान करा."

तिकडे पारडू चार पायांवर उभं राहायला बघत होतं आणि पुन्हापुन्हा बसत होतं. म्हाळू त्याला चाटत होता.

"किती दिवसांची मिळाली रजा?" गोजरीनं विचारलं.

"मिळाली नाही. तसाच आलो."

"बरं झालं," गोजरी म्हणाली. "मग राहा की महिनाभर."

तात्पर्य : बाळांनो, जन्माला येण्याची घाई करू नये. आधी वडिलांचं व्याकरण तपासून घ्यावं.