बलीकचा कप

वर्षश्राद्धाला बायकोच्या, शरयूच्या फोटोसमोर तिच्याच कपात चहा ठेवायचा, असं अनंतरावांनी ठरवलं होतं. सकाळी त्यांच्याच घरी राहणाऱ्या थोरल्या बहिणीने, झुंबरबाईंनी, तो कप उलटा करून पाहिला आणि सगळं तिथेच अडलं.

"अनंता, यावर हे नाव कोणाचं हाय?"

कपाच्या तळाला कुत्रा, मनोरा, वीणेसारखं एक वाद्य आणि इंग्रजीत एक शब्द होता : बलीक.

"कंपनी असंन," अनंतराव म्हणाले.

"आपल्या घरात चमच्यावरबी शरयूचं नाव हाय. ज्याच्या नावाचं भांडं, त्यालेच पोचते. हा चहा त्या बलीकले जाईन."

तहसील कचेरीत तीस वर्षं लोकांच्या सातबाऱ्यावरची नावं दुरुस्त केलेल्या अनंतरावांना हा मुद्दा खोडता आला नाही.

कप त्यांच्या मुलीने, गार्गीने, आयर्लंडहून पाठवला होता. चिनी मातीचा, पण इतका पातळ, की उजेडात धरला तर पलीकडची बोटं दिसत. आजारपणाच्या सात महिन्यांत शरयू त्यातूनच चहा प्यायली. तो रोज सकाळी अनंतराव स्वतः करून देत. आज दुपारी गार्गी येणार होती. आईसाठी आपणही काही केलं, हे तिला दिसावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि दाखवायला त्यांच्याजवळ तो कपच होता.

तो टॉवेलात गुंडाळून ते अमडापूरच्या बाजारात कलीमच्या भांड्यांच्या दुकानात गेले. तिथे भांड्यांवर नावं घालायचं मशीन होतं.

"काका, हे मशीन स्टीलचं हाय," कलीम म्हणाला. "याले तर हात लावाचंबी भेव वाटून राह्यलं."

"हळू चालव."

"हळूचं बटनच नाही याले."

तरी अनंतराव हटेनात. कलीमने श्वास रोखून 'शर' सुरेख काढलं. 'यू' सुरू झाला आणि कपाचे तीन तुकडे झाले.

"बावीस वर्षांत एक पातेलं फुटलं नाही, काका," कलीम रडवेला होऊन म्हणाला. त्याने दुकानाचं शटर ओढलं, चिकटवायची ट्यूब घेतली आणि अनंतरावांसोबत घरी आला. पहिले दोन तुकडे एकमेकांना चिकटले. कानाचा तुकडा कलीमच्या अंगठ्याला चिकटला.

गार्गी बॅग घेऊन दारात आली तेव्हा तो गरम पाण्याच्या भगोन्यात हात घालून सोफ्यावर बसला होता.

"सलाम, दीदी. या, बसा," तो तिच्याच घरात तिला म्हणाला.

अनंतरावांनी झालेला प्रकार क्रमाने, काहीही न गाळता सांगितला. गार्गीने चिकटवलेले तुकडे उलटे करून पाहिले.

"बाबा, बलीक गावाचं नाव आहे. हे कप तिथेच बनतात. नदीतल्या सपाट दगडावरून पडलंय ते नाव."

"पाह्य," अनंतराव बहिणीला म्हणाले. "गाव हाय ते."

"मंग अख्ख्या गावाले चहा पाजत होता तू."

कलीमने विचारलं, "दीदी, नवा भेटंन का तिकडं?"

"भेटेल. पण नको." गार्गी म्हणाली. "आईला तो आवडायचा नाही. चहा लगेच गार होतो म्हणायची. दर रविवारी फोनवर तेच."

"मले नाही म्हणाली."

"तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा तिला चहा करून देत होता ना, बाबा. तिला वाटायचं, कप नको म्हटलं तर चहाही बंद होईल."

भगोन्यात कलीमचा अंगठा सुटला. त्याने कानाचा तुकडा पुसून बाकीच्या तुकड्यांशेजारी ठेवला.

"मंग तिले कशात आवडे चहा?" अनंतरावांनी विचारलं. "आज त्यातच ठेवू."

गार्गीने आठवून पाहिलं. तिला सांगता येईना. दोघांनी झुंबरबाईंकडे पाहिलं.

"माह्याकडं काय पाहता?" झुंबरबाई म्हणाल्या. "मले तर ती पंधरा वर्षं गरमगरम आणून दे. तिनं सोता कवा पेला, कशात पेला, म्या कधी पाह्यलंच नाही."