चिखलातून जावळाला

मी क्रांती चौकाजवळ पडदे विकतो. पडदे, सोफ्याची कव्हरं, पायपुसणी. आता पडदे विकणाऱ्या माणसाला चारही चाकं ओढणारी जीप कशाला लागते, हा प्रश्न तुम्हालाच पडलाय असं नाही. तो माझ्या बायकोला पडला, मुकुंदवाडीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीला पडला आणि ज्यानं ती जुनी जीप मला विकली त्यालाही पडला. पण मी त्या गाड्यांचे व्हिडिओ इतके बघितले होते, की गाडी दारात यायच्या आधीच मला तिचा अनुभव आलेला होता. वाळू, ओढा, डोंगर, काय पाहिजे ते सांगा. फक्त स्टेअरिंगवर बसायचं तेवढं राहिलं होतं.

तशी संधी श्रावणात आली. माझी धाकटी बहीण संध्या पिशोरच्या अलीकडं एका वस्तीवर दिलीय. घरची मेंढरं, थोडी शेती, माणसं चांगली. तिच्या पहिल्या मुलाचं जावळ होतं. जावळ काढताना पोर मामाच्या मांडीवर लागतं. म्हणजे त्या दिवशी पोराच्या खालोखाल महत्त्वाचा माणूस मी! त्यात पुंजाराम न्हाव्याला पुढं दुसऱ्या गावात जायचं होतं. अकराच्या आत मामा आले तर ठीक, नाहीतर मी निघालो, असं त्यानं निरोपातच सांगून ठेवलेलं.

आणखी एक भानगड होती. संध्याच्या सासूबाई, मंजुळाबाई, महिनाभर एकच विचारत होत्या की माहेरची माणसं किती येणार. त्यांच्या जावेच्या नातवाच्या जावळाला मामाकडची टेम्पोभर माणसं आली होती म्हणे. आमच्याकडून येणार मी आणि माझी बायको शीला. दोघंच. संध्यानं हे सासूला सांगितलं, तेव्हा त्या नुसतं ‘बरं’ म्हणाल्या. ते ‘बरं’ संध्याच्या आठ दिवस कानात राहिलं.

माणसं नाहीत तर नाहीत, निदान रुबाबात पोचावं, असं मी ठरवलं. संध्याच्या नव्या घरासाठी दुकानातले सगळ्यात भारी मखमली पडदे घेतले, मरून रंगाचे, आणि जीप काढली.

वस्ती जवळ आल्यावर रस्त्याला फाटा फुटला. डांबरी रस्ता वळसा घालून जात होता आणि रानातून सरळ शिवरस्ता होता. शीला म्हणाली, अहो, चार दिवस झड लागली होती, आजच उघडलंय, रानातून नको. मी म्हणालो, डांबरी रस्त्यानं तर रिक्षापण जाते. आणि जीप रानात घातली.

पहिली पाच मिनिटं फार सुंदर गेली. मग मधे एक डबकं आलं. ते चुकवायला मी गाडी बाजूच्या बांधावरून घेतली, बांधाचा कोपरा ढासळला आणि गाडी खाली उतरून थांबली. थांबली कसली, बसली. म्हैस पाण्यात बसते तशी, अगदी समाधानानं.

साध्या गाडीची दोन चाकं फसतात. माझी चारही चाकं ओढणारी असल्यामुळं चारही फसली. काळी माती ती. मी ॲक्सिलेटर दाबला की चाकं जाग्यावर फिरायची, धूर निघायचा आणि गाडी आणखी बोटभर खाली जायची. शीला पुढच्या सीटवर ओटीचं ताट मांडीवर घेऊन बसली होती. काही बोलत नव्हती. बायकोनं भांडलेलं परवडतं.

मी व्हिडिओ आठवला. चिखलात टायरची हवा कमी करायची असते. खाली उतरलो, गुडघ्यापर्यंत गेलो, चप्पल आतच राहिली. खात्रीसाठी मोबाईलवर तोच व्हिडिओ लावला. त्या माणसानं हवा काढायला सांगितलं, आणि किती काढायची हे सांगायच्या आत रेंज गेली. मी अंदाजानं काढली. अंदाज जरा सढळ निघाला.

मग चाकाखाली काहीतरी घालायचं असतं. दगड नव्हते, पाचट नव्हतं. पडदे होते. शीला एवढंच म्हणाली, की ते संध्याचे आहेत. मी तिला समजावलं, की पडदे धुता येतात, गेलेला न्हावी परत आणता येत नाही. मागच्या दोन्ही चाकांखाली एकेक मखमली पडदा अंथरला आणि गाडी सुरू केली. एक पडदा चाकानं गिळला. दुसरा मागं उडून बाभळीवर जाऊन बसला. गाडी तिथंच.

तेवढ्यात संध्याचा फोन आला. मी म्हणालो, आलोच, अगदी जवळ आहोत. खोटं नव्हतं ते. तिच्या घराचे पत्रे तिथून दिसत होते.

अशा वेळी बांधावरून दहा-बारा बाया आल्या. डोक्याला रुमाल, हातात खुरपी, पाठीला जेवणाची फडकी. खुरपणीला निघालेल्या. सगळ्यांत पुढं होत्या आशाबाई, उंच, सडपातळ, आवाज असा की दोन शिवारं ओलांडून जावा. त्यांनी आधी जीपकडं पाहिलं, मग बाभळीवरच्या पडद्याकडं, मग माझ्याकडं.

“भाऊ, हे वाळत घातलं व्हय?” त्यांनी विचारलं.

त्यानंतर त्या सगळ्या इतक्या हसल्या की मलाही हसू आलं. मी जावळाचं सांगितलं. मामा अडकलाय म्हटल्यावर बायांनी खुरपी कमरेला खोचली आणि गाडीला हात लावला. लई जोर केला त्यांनी. गाडी हलली नाही, चाकांनी मात्र सगळ्यांना सारखा चिखल वाटला. कोण मी आणि कोण आशाबाई हे फक्त मिशीवरून कळत होतं.

मग मला शेवटचा व्हिडिओ आठवला. मागं वजन पाहिजे! मी सगळ्यांना जीपमध्ये चढायला सांगितलं. काही मागं बसल्या, काही टपाची दांडी धरून उभ्या राहिल्या, दोघी मागच्या पायरीवर. मी गाडी हळूच सोडली. आधी मागचा भाग खाली गेला. मग चाकांनी काहीतरी धरलं, बहुतेक आधी गिळलेला पडदाच, आणि जीप असा काही हिसका देऊन वर आली की बायांनी एका सुरात आरोळी ठोकली.

आता इथं एक अडचण झाली. पुढंही चिखलच होता. थांबलो तर पुन्हा बसणार, म्हणून मी थांबलोच नाही. बाया आधी ओरडल्या, भाऊ, आम्हाला पुढच्याच रानात उतरायचंय. मग वारा लागला, गाडी डुलायला लागली आणि ओरडणं बंद झालं. एकीनं गाणं धरलं, बाकीच्यांनी उचललं. शीलासुद्धा ताट सांभाळत टाळ्या देत होती.

एका शेताच्या कडेला एक माणूस पाण्याचा जार घेऊन उभा होता. आम्ही त्याच्यासमोरून गेलो. आशाबाईंनी त्याला हात हलवला. तो तोंड उघडं ठेवून बघत राहिला. पुढच्या वळणावर आरशात बघतो तर तो मोटारसायकलवर मागं लागलेला.

“मालक आला की मागं,” आशाबाई म्हणाल्या.

मला वाटलं, बांधाचा मालक! ज्याचा कोपरा मी ढासळवला तो. आणि बांधावरून आपल्याकडं काय काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. डांबरी आल्यावर बायांना उतरवायचं मी ठरवलं होतं, ते राहिलं बाजूला. मी जीप जी दामटली ती थेट संध्याच्या अंगणात.

तिथं मांडव घातलेला. पाहुणे बसलेले. पुंजाराम पेटी बंद करून उठायच्या बेतात. दारात मंजुळाबाई, चेहऱ्यावर तेच ‘बरं’. आणि त्यांच्यासमोर चिखलानं माखलेली जीप येऊन उभी राहिली, चाकातून मरून मखमल लोंबतेय, आणि तिच्यातून गाणं म्हणत बाया उतरतायत. एक उतरली, दोन उतरल्या, उतरतच राहिल्या.

मंजुळाबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी एकदा जावेकडं बघून घेतलं आणि मला म्हणाल्या, एवढी माणसं आणायची तर आधी सांगायचं नाय का, पाव्हणं? मी काही सांगायच्या आत त्यांनी कुंकवाचा करंडा मागवला आणि एकेकीला कुंकू लावायला लागल्या. आशाबाई सांगत होत्या की आम्ही खुरपायला निघालो होतो. मंजुळाबाईंना वाटलं, थट्टा करतायत. त्यांनी सगळ्यांना पाय धुवायला पाणी दिलं आणि पंगतीच्या पहिल्या रांगेत बसवलं. संध्या माझ्याकडं बघत होती. आपल्याला एवढे नातेवाईक कधी झाले, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.

मला पाटावर बसवलं. कपड्यांकडं बघून पुंजारामानं पोर मांडीवर द्यायला नकार दिला, तेव्हा शीलानं एका हातानं उरलेला एक पडदा माझ्या मांडीवर पसरला. पोरानं माझं चिखलाचं तोंड बघून असा सूर लावला की बाहेर मेंढरं ओरडायला लागली. पण पुंजारामाचा हात तयार होता. अर्धं डोकं झालं आणि अंगणात मोटारसायकल थांबली.

तो माणूस मांडवात आला आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, “ह्या माणसानं माझ्या बाया पळवल्या.”

पोर रडायचं थांबलं. पुंजारामाचा वस्तरा हवेत राहिला. मंजुळाबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग बायांकडं, आणि त्या सगळ्या एकाच माणसाच्या कशा, याचा हिशोब लावत पदर तोंडाला लावला. शीलानं ताट खाली ठेवलं. सकाळपासून तिनं ते पहिल्यांदा खाली ठेवलं होतं.

पंगतीतून आशाबाईंचं हसू फुटलं. हातातली पुरी तशीच धरून त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. हे साहेबराव. आज यांच्याच कपाशीची खुरपणी होती. या दिवसांत बाया मिळत नाहीत, लांबच्या गावचे शेतकरी जीपा पाठवून दुसऱ्यांच्या बाया उचलून नेतात. साहेबराव पाण्याचा जार घेऊन वाट बघत उभे, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या सगळ्या बाया गाणं म्हणत दुसऱ्याच्या जीपमधून चाललेल्या. वर आशाबाईंनी हात हलवला. त्यांना म्हणायचं होतं, आलोच. साहेबरावांना वाटलं, निरोप घेतायत.

आधी जाऊ हसली. मग मंजुळाबाई हसल्या, आणि मग मांडवात कुणी हसायचं राहिलं नाही. साहेबराव तेवढे उभे होते. ते हळू आवाजात म्हणाले, हसा तुम्ही, पण आठवड्यातून आजचा एक दिवस उघडीप मिळाली, उद्या पाऊस आला तर गवत कपाशीच्या वर जाईल. त्यावर कुणाला हसता येईना.

मंजुळाबाईंनी निकाल दिला. आधी पोराचं राहिलेलं अर्धं डोकं. मग साहेबरावांसकट राहिलेल्या सगळ्यांनी जेवायचं. आणि अर्ध्या दिवसाची खोटी झालीय ती भरून काढायला मामा-मामींनी बायांबरोबर खुरपायला जायचं. बायांना त्यांनी घरचंच माणूस मानलं होतं, ते काही मागं घेतलं नाही. निघताना पुऱ्या बांधून दिल्या.

दुपारी आम्ही सगळे साहेबरावांच्या रानात उतरलो. टायरमध्ये हवा भरून, डांबरी रस्त्यानं, शीलाच्या हुकमावरून. शीला लहानपणी मामाच्या रानात खुरपलेली, ती बायांच्या बरोबरीनं पात, म्हणजे आपल्या वाट्याची ओळ, धरून पुढं गेली. माझी पात सगळ्यांत मागं होती, पण मन लावून करत होतो. दिवस कलेपर्यंत रान निघालं. साहेबरावांचा चेहरा सैल झाला. बांधावर बसून सगळ्यांनी चहा घेतला, आशाबाईंनी साहेबरावांच्या तोंडाची नक्कल करून दाखवली आणि सगळ्यांत जास्त साहेबरावच हसले. मला वाटलं, हा दिवस आपण जिंकला.

मग साहेबराव उठले, एकदा माझ्या पातीवरून फिरून आले, खाली वाकले, उपटून पडलेलं काहीतरी उचलून बघितलं आणि आशाबाईंना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. आशाबाई माझ्याकडं आल्या. हसू दाबत होत्या.

“मामा,” त्या म्हणाल्या, “साहेबराव म्हणत्यात, उद्या बी गाडी घेऊन या, बायांना लई सोयीची पडती. फक्त गवत कोणतं अन् कपाशी कोणती हे कळेपर्यंत तुम्ही गाडीतच बसून राहा.”