शिपायाचा पट्टा आणि चांदण्याचा थाट

माझे डोळे बांधा आणि समोर शंभर पट्टे ठेवा. इंग्रजांच्या काळातल्या शिपायाचा कोणता, ते मी नुसत्या वासावर सांगतो! हे मी आमच्या अख्ख्या पिपरी मेघे गावाला ऐकवलं होतं. कुणी न विचारताच.

संग्रह तसा लहान. संगिनीचं एक चामडी म्यान, काडतुसांची एक पेटी, आणि सगळ्यांत लाडका म्हणजे ती पेटी खांद्याला अडकवायचा, दीडशे वर्षांपूर्वीचा रुंद पट्टा. बारा वर्षांपूर्वी पुलगावच्या भंगारात सापडला. माझी बायको अपेक्षा या सगळ्याला एकच नाव द्यायची: "कातडं!"

पोळ्याच्या दुपारी वर्ध्यात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं आणि निवृत्त सुभेदार ओमप्रकाश खास माझा पट्टा बघायला येणार होते. बारा वर्षांत पहिल्यांदाच कुणी जाणकार माझ्या वेडाकडे बघणार होता! मी खिळ्यावरचा पट्टा काढला, हुंगला, धन्य झालो आणि काचेच्या पेटीत नेऊन मांडला.

"ही भोकं बघा साहेब, मलाही आजच दिसली. गोळ्यांची! हा डाग रक्ताचा असावा. आणि वास घ्या, रणांगणाचा!"

सुभेदारांनी झाकण उचलून वास घेतला. तेवढ्यात आम्हाला पोळ्याला न्यायला आलेले माझे सासरे, बापूराव, काचेवर वाकले.

"अरे वा! चांदण्याचा पट्टा काचेत ठेवला काय, जावईबापू?"

"कोणाचा?"

"आपल्या बैलाचा! परवा आल्तो तवा मीच खिळ्याले टांगून गेलतो. तुमाले जुनंच लागते ना? तुमचा तर चांगला धडधाकट होता. म्हटलं, आमचा फाटका तुमाले, अन् तुमचा चांदण्याले!"

"मामाजी! विचारलं काऊन नाई मले?"

"अपेक्षाले विचारलं ना! म्हणे, कातडंच हाय, न्या!"

"अन् ही भोकं?"

"घुंगरं होते तिथं."

डागाबद्दल मी विचारलंच नाही!

मामाजी अपेक्षाला घेऊन पुढे गेले, आणि सुभेदारांना स्कूटरवर बसवून मी त्यांच्यामागे देवळीजवळचं सासर गाठलं. तोरणाखाली बैलांची रांग लागलेली. सगळ्यांत पुढे चांदण्या, शिंगांना बेगड, आणि गळ्यात माझा पट्टा! त्याला आठ ताजी भोकं, आठ घुंगरं! मी ओरडतच धावलो. बापूरावांनी माझा हात धरला.

"आज नाई, जावईबापू. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या अंगावरचं उतरवत नाई." मग हळूच म्हणाले, "थकला तो आता. पुढचा पोळा काई पाह्यत नाई."

चांदण्याचे पाय थरथरत होते. पण मान हलली की घुंगरं वाजत, आणि तो पुन्हा ताठ उभा राही. मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली.

"राहू द्या, मामाजी. त्याच्यापाशीच राहू द्या. शोभते त्याले."

सुभेदारांनी चष्मा लावून पट्ट्याची आतली बाजू पाहिली. "अहो, हा पलटणीचा शिक्का! पक्का फौजी माल आहे!" आणि त्यांनी चांदण्याला कडक सलाम ठोकला.

बारा वर्षांत तो शिक्का मला दिसला नव्हता. दिसणार कसा? मी कायम डोळे मिटून हुंगतच होतो!

निघताना पट्ट्याचा शेवटचा वास घेतला. तुम्हाला म्हणून सांगतो, कुठे बोलू नका: काचेतल्या पट्ट्याला येतो, अगदी तोच!