दुखण्याची आणेवारी

भालेराव सर माणसाला नाव विचारायच्या आधी खाली बसवायचे आणि उठवायचे. उठताना त्याचा हात गुडघ्यावर जातो की कमरेवर, एवढं बघून झालं की मग, "हां पावणं, बोला. किती आणे?"

मंचरात त्यांचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता, वरच्या खोलीत ते एकटेच राहायचे. नांदेडकडून पोटासाठी आलेल्या, सातवीत शाळा सोडलेल्या मला त्यांनी कॉम्प्युटर शिकवला आणि पेशंटच्या नोंदी करायला बसवलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. त्या नोंदी पुण्याला संशोधनासाठी जायच्या. त्यात एक प्रश्न असायचा: दुखणं दहापैकी किती? पेशंटचं उत्तर ठरलेलं, "लई!"

मग सरांनी पिकाची काढतात तशी दुखण्याची आणेवारी काढायला घेतली. माणसं लगेच बोलती झाली. "कंबर बारा आणे धरा, मान चाराच्या वर न्हाई." सोळा आण्यांचे दहा करताना मला घाम फुटायचा. एक आकडा चुकला तर गावी परत जावं लागेल, ही धास्ती कायमची.

एक दिवस पुण्याहून फोन आला. आमच्या नोंदींत कुणी बरं झालेलंच दिसत नाही. असंच चाललं तर मंचरचं काम बंद. म्हणजे माझी नोकरीही बंद. माझं तोंड उतरलं. सरांचे डोळे मात्र चमकले.

"अरे, बरा झालेला माणूस दवाखान्यात कशाला येईल? आपला कॉम्प्युटर फक्त दुखणारी माणसं ओळखतो!"

बाजाराच्या दिवशी ते मला घेऊन कांद्याच्या ढिगाशेजारी उभे राहिले. गुडघ्यासाठी येऊन गेलेल्या तळेघरच्या कोंडाबाई दिसताच ओरडले, "आजी, जरा बसून दाखवा!"

"भर बाजारात? याड लागलं का काय डाक्टर?"

"गुडघा किती आणे?"

आजी टुणकन बसल्या नि उठल्या. "काय बी न्हाई ऱ्हायलं. यंदा भाताची लावणी केली मी. एवढं सांगाया यष्टीचं तिकीट काढू व्हय?"

अवसरीचा एक जावई सासऱ्यादेखत बसायला लाजू लागला. सासराच म्हणाला, "बसा की राव! आमाला बी कळू द्या, पोरगी कुणाला दिली ती." जावई बसला, उठला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. अशी बरी झालेली माणसं गोळा करत आम्ही बाजार उठेपर्यंत फिरलो. मी सगळी कॉम्प्युटरात घातली आणि मंचरचं काम वाचलं.

टायपिंगनं माझं मनगट धरलं होतं. त्याचे व्यायाम सरांनीच दिलेले. रोज दवाखाना बंद करताना विचारायचे, "मनगट किती?" त्या परक्या गावात मला असं विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. बाजारानंतर थोड्याच दिवसांनी मी खुशीत सांगितलं, "पार गेलं, सर. शून्य."

"वा!" ते म्हणाले. कुलूप हातातच राहिलं. "म्हणजे तुला आता विचारायचं काही उरलं नाही."

एरवी भराभर जिना चढणारे सर त्या दिवशी कठड्याला धरून चढू लागले. बरं झालेलं माणूस परत येत नाही, हे कॉम्प्युटरच्या आधी त्यांना ठाऊक असणार.

"सर," मी खालून हाक मारली, "मान विचारायची राहिली की."

ते थांबले. "किती आणे?"

"असं उभ्या उभ्या नाही सांगता येणार. चहा टाका, वर येतो."