मन्मथअप्पांची मागची काच

आमच्या कॉलनीत कुणाच्या घरी नळ गळू लागला, तर प्लंबरला बोलावतात. मन्मथअप्पाही बोलावतात. फरक एवढाच, की ते त्याला काम करू देत नाहीत. त्याला ओट्यावर बसवतात, पत्नीकडून, म्हणजे अक्कांकडून, आल्याचा चहा मागवतात आणि त्याने पहिला घोट घेतला की अगदी सहज विचारतात, "समजा, ह्यो नळ तुमच्या घरचा असता, तर पयलं काय खोललं असतं?" चहा संपेपर्यंत त्याची सगळी विद्या अप्पांच्या ताब्यात आलेली असते. मग ते त्याला फाटकापर्यंत पोहोचवतात आणि म्हणतात, "बरं हाय, लागलं तर बोलावतो." लागत कधीच नाही. लातुरातले निम्मे कारागीर हे ओळखून आहेत, तरीही येतात. एक इलेक्ट्रिशियन मला म्हणाला होता, "कामाचं जाऊ द्या सर, पण अक्काच्या हातचा चहा लई भारी असतोय."

उदगीरला अप्पांचे लोखंडी सामानाचे दुकान होते. ते पुतण्याच्या हाती देऊन अप्पा-अक्का लातूरला आले आणि माझ्या शेजारी राहू लागले. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग आणि सदऱ्याच्या खिशात टेस्टर, हा अप्पांचा बारमाही वेश. भेटले की "शरणार्थ, सर" म्हणतात आणि लगेच माझ्या घरात काय बिघडले आहे याची चौकशी करतात. काही बिघडलेले नसेल तर त्यांचा चेहरा उतरतो. "माणसानंच बसवलंय ना? मंग माणसाला निघतंय," हे त्यांचे ठरलेले वाक्य. त्यांनी दुरुस्त केलेला माझा मिक्सर अजून उत्तम चालतो. फक्त तो सुरू केला की देवघरातला दिवा मंद होतो.

माझ्या स्वभावातली एक गोष्ट मला आवडत नाही. कुणाचा विक्षिप्तपणा दिसला की मी तो मनात साठवतो आणि चार माणसांत रंगवून सांगतो. अप्पांच्या बाबतीत हे मी वारंवार केले आहे. आता लिहितानाही तेच होत नसेल ना, ही शंका मला आहेच.

गेल्या उन्हाळ्यात अप्पांनी पडद्यासाठी लांब दांडा विकत घेतला. दुकानदार तो रिक्षाने घरपोच देणार होता, पण त्याचे वेगळे पैसे घेणार होता. अप्पांनी दांडा आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीत आडवा-उभा कसाबसा घातला आणि मागचे दार जोरात आपटले. दांड्याचे टोक बसून मागच्या काचेचा खडीसाखरेसारखा चुरा झाला. अक्का दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "वाटा आता परसाद कॉलनीत."

नेहमीप्रमाणे काचवाला आला, चहा प्यायला, सगळी पद्धत सांगून बसला आणि परत गेला. त्याने नव्या काचेची जी किंमत सांगितली, ती ऐकून अप्पा माझ्याकडे आले. "सर, त्या पैशात मी त्याचं दुकानच घेईन की." पुढचे काही दिवस गाडीच्या मागे खताचे पोते बांधलेले होते. ते वाऱ्याने फडफडायचे आणि कुत्री मागे धावायची. मग एके दिवशी अप्पा नांदेडला गेले आणि जुन्या गाड्या फोडणाऱ्या सलीमभाईंकडून एक काच घेऊन आले. ती गोधडीत गुंडाळलेली होती आणि धुळीने इतकी माखलेली होती, की काच आहे की पत्रा हे सांगावे लागत होते. "पुसली की आरसा हाय," अप्पा म्हणाले.

जुन्या गाड्यांची मागची काच रबरात बसते, हे ज्ञान मला त्या दिवशी झाले. काचेभोवती रबर चढवायचे, रबराच्या खाचेतून दोरी फिरवायची, साबणाचे पाणी लावायचे. मग एकाने बाहेरून काच दाबायची आणि दुसऱ्याने आत बसून दोरी हळूहळू ओढायची, म्हणजे रबराची कड पत्र्यावर चढते. हे काम एकट्याने होत नाही. आत बसायला अप्पांनी मला निवडले. कॉलनीत माझ्याहून हुशार हाताची पुष्कळ माणसे असताना मीच का, असे विचारल्यावर ते म्हणाले, "तुम्ही मधी बोलत न्हाईत."

दोरी म्हणून त्यांनी अक्कांच्या परकराची नाडी आणली होती.

"नवी होती ती, सर," अक्का ओट्यावरून मला सांगू लागल्या. "इचारलं बी न्हाई. सकाळपासून हुडकून राहिले मी."

महाविद्यालयात एका विभागाचा प्रमुख असलेला मी मागच्या सीटवर गुडघे टेकून ती नाडी ओढत होतो. बाहेरून अप्पा तळहाताने काचेवर थापा मारत होते. साबणाचे पाणी माझ्या बाहीतून कोपरापर्यंत आले होते.

"ओढा, सर!"

"ओढतोच आहे."

"हळू! म्हशीचं दावं न्हाई ते."

दोनदा काच निसटली आणि दोनदा अप्पांनी तिला पोटाशी धरून वाचवले. तिसऱ्या वेळी नाडी संपूर्ण माझ्या हातात आली आणि काच जागच्या जागी बसली. अप्पांनी बादलीभर पाणी तिच्यावर ओतले, फडके फिरवले आणि माझ्या डोळ्यांसमोर पिवळ्या रेडियमची अक्षरे उमटली. आतून मला ती उलटी दिसत होती. बाहेर अक्का ओट्यावरून उतरून जवळ आल्या आणि एकेक अक्षर जुळवत त्यांनी वाचले, "ईश्वरी... वेदांत..." मग त्यांनी अप्पांकडे पाहिले. "ही कुणाची लेकरं ओ?"

गाडीच्या मागच्या काचेवर मुलांची नावे लिहून घ्यायची आपल्याकडे रीतच आहे. ज्याची गाडी भंगारात गेली, त्याच्या मुलांची नावे काचेबरोबर अप्पांकडे आली होती. त्यात विशेष ते काय! मी खिडकीतून डोके बाहेर काढून म्हणालो, "ब्लेडने खरवडले की निघेल."

"निघंल की," अप्पा म्हणाले आणि ब्लेड आणायला वळले.

"थांबा," अक्का म्हणाल्या. "काच तर धड हाय. मंग गाडी भंगारात का गेली?"

अप्पा थांबले. हा प्रश्न त्यांना सुचला नव्हता, मलाही नाही. अक्कांनी तोंडाला पदर लावला. "जित्या लेकरांची नावं ब्लेडनं खरवडायची का? अन् तसं काही झालं असंल, तर ती लिहिलेली ठिवून आपण गावभर हिंडायचं का? आधी बघा. तवर मी न्हाई बसायची ह्या गाडीत."

अप्पांनी तिथल्या तिथे सलीमभाईंना फोन लावला आणि मला ऐकू यावे म्हणून आवाज मोठा केला. पलीकडून घणांचे आवाज येत होते. "वो सफेद गाडी? लोहा गाँव के गिरणीवाले की थी, अप्पा. आगेसे पूरी दब गई थी."

"अन् लेकरं? लेकरं होती का आत?"

"बच्चों का मेरेकू क्या मालूम? मेरे पास तो खाली गाडी आई ना."

अप्पांनी फोन बंद केला. ब्लेड तसेच राहिले.

पुढच्या सोमवारी अक्का सिद्धेश्वराच्या दर्शनाला रिक्षाने गेल्या. त्याच्या पुढच्या सोमवारीही रिक्षानेच. अप्पांची गाडी नव्या काचेसह दारात उभी आणि अक्का फाटकात रिक्षावाल्याशी घासाघीस करताहेत, हे दृश्य कॉलनीने मिटक्या मारत पाहिले. त्यात मीही होतो. म्हणून अप्पा एका सकाळी येऊन "लोह्याला जाऊन येऊ, सर. रिक्षाचं भाडं परवडंना," असे म्हणाले, तेव्हा मला ते कारण पूर्णपणे खरे वाटले. लोह्याला जाऊन यायला जेवढे पेट्रोल लागते त्यात अक्कांच्या रिक्षाची वर्षभराची सोय झाली असती, हा हिशेब एरवी अप्पांनीच मला शिकवला असता.

अहमदपूरपर्यंत ते रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रकच्या आवाजावरून त्याचा रोग सांगत होते. अहमदपूर मागे पडल्यावर मात्र त्यांची नजर सारखी आरशाकडे जात होती. आरशात मागची काच दिसत होती आणि काचेवर ती नावे, आरशात सुलटी झालेली.

"अक्का झोपंना झाल्यात, सर," ते एकदम म्हणाले. "परवा म्हणाल्या, ईश्वरी मोठी असंल, वेदांत बारका असंल. मी म्हणलं, तुला काय ठाव? तर म्हणाल्या, पोरीचं नाव आधी लिवलंय."

अप्पा-अक्कांना मूल नाही. ही गोष्ट आमच्या कॉलनीत सर्वांना ठाऊक आहे आणि त्यांच्यापुढे कुणी काढत नाही. अक्का मात्र कुणाच्याही बारशाला सगळ्यांच्या आधी पोहोचतात आणि पाळण्याची दोरी नीट बांधली आहे का, हे अप्पा बघतात.

लोह्याला गिरणी सापडायला वेळ लागला नाही. अप्पांनी गाडी अलीकडेच लिंबाखाली उभी केली, इंजिन बंद केले आणि ते तसेच बसून राहिले. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"चला," मी म्हणालो.

"तुम्ही इचारून या, सर."

"मी?"

"मला न्हाई जमायचं."

अप्पांनी दुसऱ्यावर सोपवलेले, मला माहीत असलेले हे एकच काम. मी उतरलो. शंभर पावलांचे ते अंतर चालताना हे काम आपल्यालाही जमणारे नाही, हे मला स्पष्ट कळत होते. गिरणी सुरू होती. पट्ट्याचा आवाज भरून राहिला होता आणि पापण्यांपर्यंत पांढरा झालेला एक माणूस गव्हाचा डबा ओतत होता. गडबडीत मी वर्गात हजेरी घ्यावी तसे विचारले, "ईश्वरी आणि वेदांत ही आपलीच मुले का?"

त्याने डबा खाली ठेवला. "काय केलं ओ त्यांनी?"

"काही नाही. ती... बरी आहेत ना?"

"त्यांना काय धाड भरलीय? आंबे पाडायलेत मागं." मग तो जरा सावध झाला. "आपण कोण?"

मी काचेची हकिकत सांगितली. तो इतका हसला, की त्याच्या अंगावरचे पीठ उडाले. गाडी दारात उभी होती, आत कुणीच नव्हते, आणि चुलतभावाने ट्रॅक्टर मागे घ्यायच्या ऐवजी पुढे घेतला होता. "ट्रॅक्टरला खरोच न्हाई, गाडीचा पापड झाला," तो म्हणाला आणि मागे वळून ओरडला, "ए ईश्वरी! वेदांत! इकडं या!"

मी लिंबाकडे पाहून हात वर केला. अप्पा खाली मान घालून बसले होते. त्यांना माझा हात दिसला नाही. पण मुलांना गाडी दिसली. नऊ-दहा वर्षांची, दोन वेण्यांची मुलगी आणि तिच्यामागे हातात कैरी घेतलेला मुलगा, दोघे धावत थेट मागच्या काचेशी पोहोचले.

"आपली काच! दीदे, हे बघ, हितलं मी नखानं काढलं होतं."

"म्हणून पप्पांनी हाणलं होतं तुला."

दार उघडले. अप्पा उतरले आणि गाडीला धरून उभे राहिले. ते मुलांकडे ज्या रीतीने पाहत होते, ते पाहून मी नजर दुसरीकडे वळवली.

"आजोबा, तुमच्या गाडीवर आमची नावं कशाला?" वेदांतने विचारले.

"काढून टाकू का मंग?"

मुलाने कैरीचा चावा घेतला आणि विचार केला. "राहू द्या. लोकांला आमची नावं कळतेत."

अप्पांनी खिशातून फोन काढला. घरचा नंबर लावला. "अक्का," ते म्हणाले, "दोघं बी हायत." पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. मग त्यांनी फोन मुलीच्या हातात दिला.

"हॅलो," ती म्हणाली, "मी ईश्वरी." ती ऐकू लागली. "हाव, जेवले... वरण-भात... मम्मी घालती वेण्या... न्हाई, तो लई भांडतो." वेदांत फोन ओढू लागला. तिने त्याला कोपराने मागे सारले आणि बोलत बोलत लिंबाच्या पारावर चढून बसली.

अप्पांनी गाडीचे दार लावून घेतले. "या सर, बसा सावलीला," ते म्हणाले. "आता येळ लागंल."