मेहुण्याचं वाळलेलं लाकूड

सकाळी सहाला स्टोव्हमध्ये घातलेलं लाकूड आठ वाजले तरी पेटायला तयार नव्हतं. त्याच्या टोकांतून पाणी फसफसत होतं, धुराड्यातून वर जायचा धूर बैठकीच्या खोलीत येऊन बसला होता आणि आर्विला अंगात कोट, डोक्यावर लोकरीची टोपी अशा थाटात ओटमील खात होती.

"डेलमार, तुला साधा जाळ करता येत नाही, हे मला अडतीस वर्षांपूर्वीच कुणीतरी सांगायला हवं होतं."

"लाकूड ओलं आहे गं."

"ओलं? माझ्या भावाचं लाकूड ओलं? वर्षभर वाळवलंय म्हणून रॉयस स्वतः सांगून गेलाय!"

इथेच तर सगळी गोची होती. रॉयस म्हणजे आर्विलाचा धाकटा भाऊ आणि वेस्ट हार्लो गावचा लाकूडवाला. व्हरमाँटमध्ये माणूस एक वेळ चर्च बदलेल, पण घरातला लाकूडवाला सोडून दुसऱ्याकडून जळण आणणार नाही. रॉयस ऑगस्टमध्ये झाड पाडायचा, सप्टेंबरमध्ये फोडायचा आणि ऑक्टोबरमध्ये तेच छातीठोकपणे 'वाळलेलं' म्हणून आणून टाकायचा.

"अजून एक आठवडा बघते," आर्विलानं चमचा आपटला. "पुढच्या रविवारी घरात कोट घालावा लागला, तर मी निघाले फ्लोरिडाला बहिणीकडे. एप्रिलमध्ये येईन."

बायकोचं बोलणं ऐकून डेलमारचे कान किटले होते हे खरं, पण ती बोलत नसलेलं घर त्याला सोसलं नसतं. शिवाय अंड्यापलीकडे त्याला काही उकडता येत नव्हतं. पण डेलमार हातपाय गाळणाऱ्यांतला नव्हता.

शनिवारी चर्चमध्ये शिकाऱ्यांचं जेवण होतं. आर्विला सकाळीच बटाटे सोलायला गेली आणि तिची गाडी वळणाआड होताच नदीपलीकडची लाकूडवाली हेस्टर डेलमारनं गुपचूप मागवलेलं दोन ट्रक लाकूड टाकून गेली. दोन उन्हाळे खाल्लेलं लाकूड ते; एकावर एक आपटलं की खणकन वाजायचं. डेलमारनं रॉयसचं सगळं लाकूड कोठारामागे ताडपत्रीखाली दडवलं आणि हेस्टरचं शेडमध्ये झकास रचलं. कमरेचा काटा ढिला झाला, पण गडी खुशीत होता.

रविवारी घर असं तापलं की आर्विलानं स्वेटरसुद्धा काढून ठेवला.

"आणि माझ्या भावाच्या लाकडाला नावं ठेवत होतास!"

"चुकलंच माझं," डेलमार म्हणाला.

इथवर सगळं आटोक्यात होतं. पण आर्विलाच्या तोंडाला कुलूप कोण लावणार? तिनं चर्चमध्ये सांगितलं, पोस्टात सांगितलं, शेजारच्या मर्ल गोडेटला तर धरून आणून स्टोव्हपुढे बसवलं. घामानं मर्लचा चष्मा नाकावरून घसरला. त्यानं तिथूनच रॉयसला फोन लावला. आठवड्याभरात अर्ध्या गावानं रॉयसकडून लाकूड मागवलं. रॉयसनं होतं नव्हतं तेवढं विकलं आणि भरात येऊन स्वतःच्या घरासाठी ठेवलेलंही विकून टाकलं.

मग गावभर धूर झाला. मर्ल खोकत खोकत आला.

"लाकूड तेच, मग तुझ्याकडे जाळ आणि माझ्याकडे नुसता धूर, असं कसं रे?"

आर्विला समोरच उभी होती.

"हाताचा गुण असतो, मर्ल," डेलमार ठासून म्हणाला. "लाकूड उभं लावायचं, साल मागच्या बाजूला. आणि पेटेपर्यंत त्याच्याकडे बघायचं नाही."

मर्लनं ते कागदावर लिहून घेतलं.

गुरुवारी खुद्द रॉयस रिकामा ट्रक घेऊन दारात हजर झाला.

"ताई, माझ्या घरी काडी उरली नाही बघ. तुझी भावजय लोरेटा थंडीनं पांघरुणातून बाहेर येत नाहीये. तुझ्यातलं थोडं उसनं देतेस?"

"थोडं कशाला? सगळं ने! तुझंच तर आहे," आर्विला म्हणाली. "आम्हाला सवडीनं दुसरं आणून टाक. लाकूड काय, तेच ना?"

नको म्हणावं, तर का नको तेही सांगावं लागणार. डेलमार रॉयसच्या मागोमाग शेडमध्ये धावला.

"रॉयस, अर्धं तरी ठेव रे बाबा."

रॉयसनं एक लाकूड उचलून नाकाशी धरलं. "दाजी, हे सगळं ॲशच्या झाडाचं आहे. मी जन्मात ॲशला करवत लावलेली नाही."

डेलमार रचलेली लाकडं उगाच सरळ करू लागला.

"काल मी हेस्टरकडे गेलो होतो. तिच्याकडचं संपलंय. म्हणाली, शेवटचे दोन ट्रक एका म्हाताऱ्यानं मागवले, बायकोला कळू देऊ नका म्हणत होता." रॉयस मायेनं हसला. "ताईला सांगायचं का?"

"तू वाकू नकोस," डेलमार म्हणाला. "मी भरतो."

रॉयसही काही अगदीच दगड नव्हता. जाण्याआधी त्यानं ताडपत्रीखालचं आपलं लाकूड आणून शेडमध्ये नीट रचून दिलं.

दुसऱ्या दिवशी स्टोव्ह पुन्हा फसफसू लागला. आर्विलानं तासभर वाट पाहिली, मग कोट चढवला आणि माळ्यावरची बॅग खाली काढली. डेलमार जिन्यापाशी उभा राहून बघत होता. आपण हिला खरंच घालवून बसलो, असं वाटून त्याचे डोळे भरून आले.

"जाऊ नकोस, आर्विला. मला करमणार नाही गं."

"मग तूही चल की. तुझेही मोजे भरलेत."

"फ्लोरिडाला?"

"इतक्या लांब कशाला मरायला? रॉयसकडे! लोरेटाचा आत्ताच फोन आला होता, घर नुसतं भट्टी झालंय म्हणे. वरची खोली त्यांची रिकामीच आहे. बर्फ वितळेपर्यंत तिथेच राहू."

संध्याकाळी डेलमार रॉयसच्या स्टोव्हपुढे पाय पसरून बसला होता. आर्विला शेजारी विणत होती. रॉयसनं स्टोव्हचं दार उघडलं, एक लाकूड आत सरकवलं आणि जाळ कसा करतात ते दाजींना सावकाश समजावून सांगितलं.

"नीट बघ," आर्विला म्हणाली. "माझ्या भावाकडून काहीतरी शिकून घे."

डेलमारनं आपल्याच लाकडावर हात शेकले आणि मान पुढे काढून तो म्हणाला, "पुन्हा एकदा दाखव रे, रॉयस."