बोंड्यांचा जेवायचा कोट

गुलाबराव बोंडे जेवायच्या आधी कपडे बदलत. पूजेच्या आधी बदलणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, पण बोंड्यांना सोवळ्याओवळ्याशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की समोर काय वाढलंय ते पाहून अंगात काय घालायचं ते ठरवावं.

सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत आम्ही पंधरा वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. एक वाजला की बोंडे डब्याचं झाकण बोटभर उचलून आत डोकावत. सुकी भाजी असली तर चेहरा निवळे. रस्सा दिसला की पिशवी उचलून ते फायलींच्या कपाटामागे जात आणि तपकिरी शर्ट घालून बाहेर येत. कढीला पांढरा, तर्रीपोह्यांना तपकिरी, वरणभाताला जो अंगात असेल तो. भरल्या वांग्याचा निकाल मात्र शेवटपर्यंत लागला नाही. एकदा वरचे साहेब अचानक तपासणीला आले आणि बोंडे कपाटामागे बनियनवर सापडले. "हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं. "साहेब, आज पाटोडी-रस्सा आहे," बोंड्यांनी खुलासा केला. साहेब पुण्याकडचे होते. त्यांनी ती नवीन फाईल असावी असं समजून मान हलवली.

घरचं जेवण असं, तर हॉटेलची गोष्टच निराळी. "हॉटेलात कपडा पाहून पाणी येते जी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बर्डीच्या बाजारात नुसता चहा प्यायचा असला तरी ते शर्ट खोचून घेत. मी कारण विचारलं की कारण सांगत, आणि ते ऐकून मी आधीपेक्षा जास्त गोंधळत असे.

त्या वर्षी आम्हां दोघांनाही सरकारी खर्चानं प्रवास करायची सवलत मिळाली. दिल्लीला पाळण्यांची आणि खेळांची मोठी बाग नुकतीच उघडली होती आणि माझ्या दोन्ही मुलींनी तिचा धोशा लावला होता. "आमीबी येतो," बोंडे म्हणाले. मी चकित झालो. त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, सुनंदाचं, लग्न होऊन ती यवतमाळला गेली होती. घरात आता नवरा-बायको दोघंच. पाळण्यात बसणार कोण?

"पाळण्यात नाही बसत जी. तिथल्या हॉटेलात बसतो. तिच्यासंगं."

ती म्हणजे गिरजावहिनी. वहिनी बाहेर कुठे काही खात नसत. आमच्याबरोबर दोनदा हॉटेलात आल्या, पदर सावरून बसल्या आणि "तुमी जेवा, मले भूक नाही" म्हणून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत राहिल्या. हे सारं कपड्यांमुळे होतं, असं निदान बोंड्यांनी केलं होतं. झगमगाटात आपण साधे दिसतो म्हणून ती अवघडते. दोघांचेही कपडे बिनचूक असले की ती जेवेल. क्वचित मिळणारी ही संधी हुकवायची नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

मग सुरू झाला तो गोंधळ. बोंड्यांनी बागेच्या व्यवस्थापकांना हिंदीत पत्र लिहिलं: आपल्या उपाहारगृहात कोणता पोशाख अपेक्षित आहे? उत्तरादाखल वेळा आणि तिकिटांचा छापील कागद आला. त्यात कपड्यांबद्दल अक्षर नव्हतं. "लिहिलं नाही म्हणजे काही खास असन," बोंडे काळजीत पडले. फुलस्केप कागदावर त्यांनी तक्ता आखला. पाळणे – बुशशर्ट. उभ्यानं खाणं – बुशशर्ट, पण खोचून. बसून खाणं, पंख्याखाली. बसून खाणं, थंड हवेत. दुपारी तीन वाजता ऐन हिशोबाच्या कामात त्यांनी मला विचारलं, "काहो, आइस्क्रीम हे जेवन धरायचं का चहापाणी?" मी चहापाणी म्हणालो. त्यांनी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. त्या रात्री मी माझ्या बायकोला तेच विचारलं. ती म्हणाली, तुम्ही त्यांच्या शेजारचं टेबल बदलून घ्या.

वहिनींसाठी नारायणपेठी आली. स्वतःसाठी त्यांनी महाल भागातल्या शिंप्याकडून बंद गळ्याचा पांढराशुभ्र कोट शिवून घेतला, पितळी बटणांचा. त्याच कापडाची पँट. "थंड हवेचं, बसून," असं त्यांनी मला तक्त्यात बोट ठेवून दाखवलं.

गाडीत इटारसीच्या पुढे बायका-मुली झोपल्या होत्या, तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं, की वहिनींनी हॉटेलात जेवलंच पाहिजे, हा एवढा हट्ट कशाला? त्यांनी झोपलेल्या वहिनींकडे एकदा पाहिलं.

"लग्नाले बावीस वर्षं झाली जी. म्या तिले जेवताना पाह्यलं नाही."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मले वाढते, मंग मागून जेवते. मी सैपाकघरात गेलो का ताट बाजूले सरकवते न उठते. 'काही पायजे का?' म्हनते. सुनंदा होती तवा ती तरी माह्यासंगं बसे. आता मी एकटा जेवतो, आन ती एकटी जेवते. दोघंच आहो घरात, तरी."

या माणसाला मी पंधरा वर्षं हसत होतो, याची मला त्या वेळी लाज वाटली.

बागेत बोंडे कशातच बसले नाहीत. कोटाची पिशवी छातीशी धरून ते प्रत्येक पाळण्याखाली उभे राहिले. दीड वाजता आम्ही काचेच्या दारांच्या, थंड हवेच्या हॉटेलात शिरलो. बोंडे पिशवी घेऊन प्रसाधनगृहाकडे गेले. आम्ही टेबलाशी बसलो आणि मी सहज इकडेतिकडे पाहिलं. तिथले सगळे वाढपी पांढऱ्या पँटीत होते. वर बंद गळ्याचा पांढरा कोट. पितळी बटणं.

मी त्यांना सावध करायला उठेपर्यंत बोंडे बाहेर आले होते. ताठ, भांग पाडलेले, नवरदेवासारखे प्रसन्न. चार पावलं आले नाहीत तोच एका सरदारजींनी हाक मारली, "भाईसाहब, चार नींबू पानी!" बोंड्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. दुसऱ्या टेबलावरच्या बाईंनी त्यांच्या हातात रिकामी प्लेट दिली. त्यांनी ती घेतली, कारण कोणी काही दिलं तर घेण्याचा त्यांचा स्वभाव. तेवढ्यात एक खरा वाढपी त्यांच्याकडे पाहून थबकला. हा नवा कधी लागला, असा त्याचाही गोंधळ झालेला दिसला.

बोंडे आमच्या टेबलाशी पोहोचले तेव्हा त्यांना सगळं कळलं होतं. चेहरा पार उतरला होता. माझ्या मुली तोंडात रुमाल कोंबून हसत होत्या, आणि खोटं कशाला सांगू, हसू मलाही आवरत नव्हतं. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांच्यापुढे ताट आलं होतं. पुऱ्या, भाजी, पापड, दहीवडा. त्यांनी ते नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवलं. "बसा. तुमी जेवून घ्या आधी. मले भूक नाही."

एवढ्या खटपटीनं आखलेला तक्ता तिथे संपला. बोंडे खुर्चीला हात लावून उभे राहिले. त्यांनी वहिनींच्या नारायणपेठीकडे पाहिलं, शेजारच्या वाढप्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बटणांकडे. आणि टेबलावरचा नॅपकिन उचलून त्यांनी डाव्या हातावर टाकला. ताट परत वहिनींपुढे सरकवलं आणि किंचित वाकले.

"बाईसाहेब, जेवा."

"अवो, हे काय करून राहिले? लोक पाहून राहिले ना!"

"लोकायले मी वेटर दिसून राहिलो. वेटर कधी गिऱ्हाइकाच्या आधी जेवते का? तूच सांग."

वहिनींच्या बावीस वर्षांच्या नियमात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. माझी बायको म्हणाली, "खरंच आहे वहिनी, त्यांची नोकरी जाईल." तेव्हा कुठे वहिनींना हसू फुटलं. पदराआड तोंड करून त्या पोटभर हसल्या, डोळे पुसले आणि हात पुढे केला.

आमचं जेवण सुरू झालं. बोंड्यांचंही ताट आलं, पण ते उभेच. पाणी संपलं की भरत, पुरी संपली की दुसरी ठेवत. वहिनी आधी चोरून खात होत्या, मग हळूहळू सावरून बसल्या. "भाजीले तिखटच नाही," असं म्हणाल्या आणि तरी आणखी घेतली.

"बोंडे, आता बसा," मी म्हणालो. "तुमचं निवतंय."

"थांबा ना जी, जेवून राहिली ती," ते माझ्याकडे न पाहताच कुजबुजले. मग माझ्या कानाशी वाकले. "पाह्यलं का? पापड सगळ्यात आधी खाते. मले मालूमच नव्हतं."